फटका कुणावर, वळ कुणाच्या पाठीवर

आदरणीय काका,

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवडी, अभिनंदन, श्रद्धांजली, सगळे बॅनर मीच डिझाइन करतो. चित्रकलेची आवड शाळेपासूनची, म्हणून इथल्या एका साप्ताहिकात राजकीय व्यंगचित्रंही काढतो. त्याचे पैसे मिळत नाहीत.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावच्या सरपंचबाईंवर चित्र काढलं. जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव आहे. कारभार नवरा बघतो, हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. मी बाईंना खुर्चीत बसवलेली कळसूत्री बाहुली केलं, वर नवऱ्याच्या हातात दोऱ्या दाखवल्या आणि खाली लिहिलं, 'मॅडम, सही करा.' चित्र सगळ्या ग्रुपवर फिरलं.

दुसऱ्या दिवशी नवरा दहा-बारा जणांना घेऊन दुकानात आला. 'पुढच्या अंकात माफी छाप, नाहीतर दुकान कसं चालतं ते बघतो,' म्हणाला. तो ज्या पुढाऱ्याचा माणूस आहे, त्यांच्याकडून येणारी बॅनरची कामं बंद झाली. बाईंच्या वस्तीतली काही पोरं आली, ती वेगळंच बोलली. 'बाईचं तोंड काळं, दात बाहेर, पाय अनवाणी, आणि नवरा इस्त्रीच्या कपड्यात. आमची बाई खुर्चीत बसली की तुला अशीच दिसते का?' माझ्या मनात जात नव्हती, शपथेवर सांगतो. मित्र म्हणतात, माफी मागितलीस तर मेलास, हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे. संपादक म्हणतात, दिलगिरीच्या दोन ओळी छापू आणि विरोधी गटावरही एक चित्र काढ, म्हणजे बॅलन्स होईल.

मग एक दिवस बाई स्वतःच दुकानात आल्या. रागावल्या नाहीत. 'मला बाहुली केलं अन् मालकाला माणूस ठेवलं,' एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. उन्हाळ्यात याच बाईंनी टँकरच्या खोट्या खेपांवर सही करायला नकार दिला होता, असं नंतर त्यांच्या गावच्या एकानं सांगितलं. तेव्हापासून कागदावर रेघ उमटत नाही. माझं चुकलं का? माफी मागू का? मागायची तर कुणाची?

(नाव-गाव छापू नये.)

प्रिय मित्रा,

चित्राचं कात्रण सोबत जोडलंस हे बरं केलंस. चित्र न बघताच त्यावर तावातावानं बोलणारे लोक फार झालेत. आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. नवऱ्याची माफी मागू नकोस. बाईंची माग, आणि जिथं चित्र छापलं तिथंच छापून माग. तुझे मित्र, तुझे संपादक आणि दुकानात चालून आलेला तो नवरा, या तिघांनी दोन वेगळ्या माफ्यांची एकच गाठ मारून ठेवली आहे आणि तू तिच्यात अडकला आहेस.

विषय तू बरोबर निवडलास, याबद्दल मनात शंका ठेवू नकोस. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमधल्या निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. मराठवाड्यातलं असं गाव शोधून सापडायचं नाही जिथं बाई कधी ना कधी सरपंच झालेली नाही. आणि बहुतेक गावांना 'सरपंचपती' हे पदही माहीत आहे, जे कुठल्याच कायद्यात नाही. तुझ्या दुकानातूनही ते फ्लेक्सवर छापून गेलं असेल. मत बाईला मिळतं, शपथ बाई घेते आणि ग्रामसेवक कागद घेऊन जातो तो नवऱ्याकडं. हा मतदारांचा विश्वासघात आहे. त्यावर कोरडा ओढणं हे व्यंगचित्रकाराचं कामच आहे. नवऱ्याला राग आला. यायलाच हवा होता.

आता ते चित्र पुन्हा बघ. आपण काढलंय हे विसर आणि चहाच्या हॉटेलात अंक हाती पडलेल्या माणसासारखं बघ. नजर पहिल्यांदा कुठं जाते? मधोमध बाई आहेत, जवळजवळ अर्धा कागद व्यापून. डोळे बटबटीत, ओठ जाड, दात पुढं आलेले, चेहरा शाईनं गच्च भरलेला, अनवाणी पाय खुर्चीवरून लोंबकळताहेत. नवरा वरच्या कोपऱ्यात आहे. चौकटीनं त्याचा अर्धा देह कापलाय आणि उरलेला अर्धा चांगला देखणा आहे. दोऱ्या इतक्या बारीक की मी चष्मा पुसून पाहिल्या. मोबाइलवर त्या दिसल्याच नसतील, आणि लोकांनी तुझं चित्र मोबाइलवरच पाहिलं. म्हणजे ज्याच्यावर फटका मारायचा होता तो चित्राच्या काठावरून निसटला आणि वळ उठला तो बाईंच्या पाठीवर. 'मॅडम, सही करा' हे बोलतोय नवरा, पण हसं झालं मॅडमचं. बाईंनी तुझ्या दुकानात उभं राहून एका वाक्यात जे सांगितलं, ते मला इथं एवढा परिच्छेद खर्चून सांगावं लागतंय.

तू लिहितोस, मनात जात नव्हती. मी ते मानतो. पण मनात नसलेल्या गोष्टी हाताला ठाऊक असतात, कारण हात शिकतो तो आधीची चित्रं बघून. मराठी नियतकालिकांत वर्षानुवर्षं मोलकरीण, शेतमजूर, खेड्यातून आलेली बाई कशी काढली जायची ते आठव. काळी, दातपुढी, अनवाणी. हे साचे आपण कुठून उचलले ते आपल्यालाही सांगता येत नाही. तुझ्या धंद्यात तर रोजच एक साचा चालतो. पुढाऱ्याचा फोटो आला की तू आधी त्याचा चेहरा उजळ करतोस, गिऱ्हाईकानं न सांगताही. बॅनरवर माणूस मोठा करायचा तर गोरा करायचा आणि चित्रात हलका करायचा तर काळा, ही एकच समजूत दोन्हीकडं काम करते. त्या पोरांनी नेमकं तेच पकडलं.

तू म्हणशील, अर्कचित्रात नाक-कान ओढायचेच असतात. खरं आहे. आर. के. लक्ष्मण यांनी इंदिरा गांधींचं नाक किती लांबवलं होतं! पण ते नाक इंदिरा गांधींचंच होतं, दुसऱ्या कुणाचं होऊ शकत नव्हतं. तुझ्या सरपंचबाईंना मी कधी पाहिलेलं नाही, तरी खात्रीनं सांगतो, चित्रातला चेहरा त्यांचा नाही. तो कुणाचाच नाही. तो त्या वस्तीतल्या कुठल्याही बाईवर चिकटवता येतो, म्हणूनच तो अख्ख्या वस्तीला लागला.

अमेरिकेत थॉमस नास्ट नावाचा मोठा व्यंगचित्रकार होऊन गेला. न्यूयॉर्क शहराची तिजोरी लुटणाऱ्या ट्वीड नावाच्या पुढाऱ्याला त्यानं १८७१ च्या सुमारास चित्रांनी जेरीस आणलं. तुरुंगातून पळालेला ट्वीड १८७६ मध्ये स्पेनमध्ये सापडला, तेव्हा त्याची ओळख नास्टच्या चित्रावरून पटली असं सांगतात. याच नास्टनं पोटासाठी अमेरिकेत आलेल्या आयरिश लोकांना मात्र माकडाच्या तोंडाचं काढलं. हात तोच आणि शाईही तीच. पण ट्वीडच्या चित्रात त्यानं केलेली चोरी दिसते आणि आयरिश माणसाच्या चित्रात त्याचा नुसता जन्म दिसतो. मी एखादं चित्र न्याय्य की अन्याय्य हे ठरवायला बसतो तेव्हा हेच बघतो. माणसानं जे केलं, जे तो टाळू शकला असता, त्यावर चित्र कितीही कडवट होऊ दे, माझी हरकत नसते. जे घेऊन तो जन्माला आला त्यावर चित्र हसत असेल, तर ते कितीही सुबक असो, मी छापणार नाही.

कडवट म्हणजे किती, तेही सांगतो. आणीबाणीत, १० डिसेंबर १९७५ ला 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अबू अब्राहम यांचं चित्र आलं. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद बाथटबात बसलेत, उघडेच, आणि दाराआडून आलेल्या हातात सही केलेला अध्यादेश देताहेत. आणखी अध्यादेश असतील तर जरा थांबायला सांगा, असं म्हणताहेत. देशाच्या राष्ट्रपतींना न्हाणीघरात उघडं दाखवलं! याहून अपमानकारक चित्र कोणतं? तरी ते मला पूर्णपणे न्याय्य वाटतं. राष्ट्रपतींच्या धर्माचा, रंगाचा, अंगकाठीचा त्यात संबंधच नाही. मागाल तिथं, मागाल तेव्हा केलेली सही, एवढाच विषय. ती सही त्यांची होती आणि ती नाकारण्याची ताकद त्या पदात होती. बघ, तुझ्याही चित्राचा विषय सहीचाच आहे.

आणि तुझ्या पत्रातली जी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली ती इथंच येते. तू ती शेवटी, एका वाक्यात लिहून टाकलीस. टँकरनं गावात किती खेपा टाकल्या याची नोंद होते, गावाकडून सही होते आणि त्यावर बिल निघतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. ती सही नाकारायची म्हणजे ठेकेदाराशी वैर घ्यायचं, ठेकेदाराच्या पाठीशी असलेल्या पुढाऱ्याशी घ्यायचं, आणि या बाईंच्या बाबतीत बहुधा घरातल्या माणसाशीही. हे खरं असेल तर त्या बाईंनी सरपंच म्हणून केलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे एक सही न करणं. आणि तू त्यांना बाहुली करून खाली लिहिलंस, 'मॅडम, सही करा.'

'अख्ख्या तालुक्याला माहीत आहे' हे बातमीदारानं म्हटलं असतं तर मी त्याला माघारी पाठवलं असतं. व्यंगचित्रकाराला यात सूट नाही. चित्रात अतिशयोक्ती चालते, पण ती खऱ्या गोष्टीची. त्या पंचायतीचं इतिवृत्त तू पाहिलं होतंस का? बाईंना एखाद्या ग्रामसभेत बोलताना ऐकलं होतंस का? पत्रात तसं कुठं दिसत नाही. टँकरचीही गोष्ट तुला एकाच माणसानं सांगितली आहे, तीही तपासून घे. शक्यता अशीही आहे की दहा कागदांवर त्यांनी नवऱ्याच्या सांगण्यावरून सही केली आणि अकराव्याला पेन खाली ठेवला. माणसं अशीच असतात. राखीव जागेवर आलेल्या किती बायका रोज असं थोडं वाकून, थोडं अडून कारभार शिकतात हे आपल्याला शहरात बसून दिसत नाही. त्या अडण्याचं चित्र कुणी काढलेलं मी पाहिलेलं नाही.

आता भावना दुखावण्याबद्दल. ज्याच्या-त्याच्या भावना दुखावतात, म्हणून हा शब्द ऐकला की चित्रकार कान बंद करतो. त्याचं चुकतं असं मला म्हणवत नाही. कुणीतरी दुखावलं एवढ्यावरून चित्र चुकीचं ठरलं असतं तर एकही राजकीय चित्र छापून आलं नसतं. पण कोण दुखावलं आणि चित्रातल्या नेमक्या कशानं, हे विचारायला हवं.

२०१६ तुला आठवत असेल. ९ ऑगस्टला औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पहिला मराठा मूक मोर्चा निघाला आणि मग तो जिल्ह्याजिल्ह्यात गेला. कोपर्डीच्या मुलीवरचा अत्याचार आणि तिचा खून ताजा होता. पुढं मुली चालायच्या, घोषणा नसायच्या. सप्टेंबरमध्ये 'सामना'त 'मूक'चा 'मुका' करणारं चित्र आलं. लोक खवळले, कार्यालयांवर हल्ले झाले, शेवटी शिवसेनेच्या पक्षप्रमुखांना माफी मागावी लागली. त्या मोर्चावर टीका करायला जागा नव्हती, असं नाही. आरक्षणाची मागणी होती, अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात बदलाची मागणी होती. त्यावर कडक चित्र निघालं असतं तर मी त्याच्या बाजूनं उभा राहिलो असतो. पण या चित्रात मागणीचा पत्ताच नव्हता. नुसता शब्दाचा चाळा होता आणि तो पडला गप्प चालणाऱ्या मुलींच्या अंगावर. दगड मारणाऱ्यांचंही मी समर्थन करत नाही. लाखो लोकांनी महिनाभर पाळलेल्या शिस्तीला त्यांनी बट्टा लावला.

दुसरं उदाहरण याहून अवघड आहे. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ मध्ये एक चित्र काढलं. संविधान नावाची गोगलगाय, तिच्यावर हातात चाबूक घेऊन बसलेले बाबासाहेब, आणि मागं चाबूक उगारलेले नेहरू. संविधानाला उशीर होतोय, एवढा विषय. २०१२ मध्ये तेच चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात आहे यावरून संसदेत गदारोळ झाला. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी त्या पुस्तकांची सल्लागारपदं सोडली. पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या खोलीची मोडतोड झाली. मुलांनी प्रश्न विचारायला शिकावं म्हणून ज्यांनी ती पुस्तकं घडवली त्यांच्याच दारात हे व्हावं, याचं मला फार वाईट वाटलं.

पण मी मराठवाड्यातला माणूस आहे, मला दुसरी बाजू विसरता येत नाही. इथल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि तेवढ्यावरून गावोगावी दलितांची घरं जळाली, माणसं मारली गेली. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ज्या घरानं ते सोसलं त्या घरातल्या पोरानं बाबासाहेबांच्या पाठीमागं उगारलेला चाबूक पाहिला, तर त्याला संविधानाचा उशीर दिसणार नाही. चाबूकच दिसणार. शंकर यांचं चित्र मला अन्याय्य वाटत नाही, तरी ते बघून ज्याच्या पोटात कालवतं त्याला 'विनोद कळत नाही' असं मी म्हणणार नाही. वर्गात त्या चित्रावर तास घ्यायला हवा होता, दोन्ही गोष्टी सांगून.

तुझ्याकडं आलेली पोरं दगड घेऊन आली नव्हती. त्यांनी चित्र वाचलं, काय खटकतं ते बोट ठेवून सांगितलं आणि प्रश्न विचारला. असे वाचक मोठमोठ्या चित्रकारांना मिळत नाहीत. आणि आपल्यालाही हे दुखणं परकं नाही. २०१४ मध्ये आपलं यान मंगळाच्या कक्षेत पोचलं, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'नं एक चित्र छापलं होतं. फेटेवाला शेतकरी गाय धरून अंतराळातल्या उच्चभ्रू क्लबचं दार ठोठावतोय आणि आत दोघे साहेब पेपर वाचत बसलेत. खेड्यापाड्यातला माणूससुद्धा तेव्हा चिडला. खर्चाबद्दल, शास्त्राबद्दल त्या चित्रात काहीच नव्हतं. आपला फेटा आणि आपली गाय होती. नंतर त्या वृत्तपत्रानं जाहीर दिलगिरी व्यक्त केली. त्या पोरांचा राग त्याच जातीचा आहे.

संपादकांचा बॅलन्सचा सल्ला मानू नकोस. या गटावर एक, त्या गटावर एक, असे फटके मोजून वाटले की न्याय झाला, ही समजूत आपल्या तालुका-जिल्ह्याच्या पत्रकारितेत फार पसरली आहे, आणि ती दोन्ही गटांना सोयीची आहे. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यावर जास्त चित्रं निघणार. सत्ता सरकली की चित्रंही सरकतील. 'मलाही सोडू नका,' असं नेहरूंनी शंकर यांना सांगितलं होतं, आणि शंकर यांनी खरंच सोडलं नाही. विरोधी गटानं काही केलं असेल तर त्या दिवशी त्यांच्यावर काढ. आत्ता, स्वतःची मान सोडवायला काढलेलं चित्र लबाड असेल आणि वाचकाला ते कळेल.

मित्रांचं म्हणणं वेगळ्या कारणानं चुकतं. २०१२ मध्ये मुंबईत असीम त्रिवेदी यांना व्यंगचित्रांसाठी राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्याच वर्षी पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टसाठी पोलिसांनी धरलं. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्रिवेदींच्या चित्रांत विनोद किंवा उपरोध दिसत नाही असं म्हटलं, आणि तरीही तेवढ्यावरून राजद्रोह होत नाही, हे स्पष्ट केलं. म्हणजे वाईट चित्र काढण्याचंही स्वातंत्र्य आपल्याला आहे. ते टिकायलाच हवं. पण कायदा तुला शिक्षा करू शकत नाही याचा अर्थ चित्र चांगलं होतं असा नाही, आणि ज्या बाईंचं हसं झालं त्यांना तुझं काही देणं नाही, असाही नाही. सत्तेनं डोळे वटारले म्हणून मागितलेली माफी आणि जिच्याकडं वटारायला डोळेही नाहीत तिची मागितलेली माफी, यातला फरक तुझ्या मित्रांना समजावून सांग. पहिलीनं पुढचं चित्र मरतं. दुसरीनं मरत नाही.

नवऱ्याच्या धमकीचं काय करायचं? कोण आले, कधी आले, काय बोलले ते आजच लिहून ठेव. दुकानात कॅमेरा असेल तर चित्रण जपून ठेव. पुन्हा आले तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दे आणि पोच घे. बदनामीच्या खटल्याची भीती घातली तर एवढं लक्षात ठेव: सार्वजनिक कामकाजात एखादा माणूस कसा वागतो, याबद्दल प्रामाणिकपणे मांडलेलं मत बदनामी ठरत नाही. हा अपवाद जुन्या दंड संहितेत होता, तो १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. वस्तीतून कुणी तक्रार केली तर उलट तक्रार करायच्या फंदात पडू नकोस. त्यांचं गाऱ्हाणं खरं आहे. वकील गाठ आणि जे घडलं ते सांग. वकिलाचे पैसे परवडत नसतील तर परभणीला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं चौकशी कर.

कामं बंद झाली त्याबद्दल माझ्याकडं गोड शब्द नाहीत. एकाच पुढाऱ्याच्या वाढदिवसांवर चालणारं दुकान असेल तर तू व्यंगचित्रकार फार दिवस राहणार नाहीस, हे मी या भागात अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. शाळा, कृषी केंद्रं, दवाखाने, लग्नाच्या पत्रिका, दुकानांच्या पाट्या, जिथून मिळेल तिथून गिऱ्हाईक वाढव. कमाई थोडी घटली तरी चालेल.

माफी कशी मागायची ते नीट सांगतो, कारण त्यातही नुकसान होऊ शकतं. आधी बाईंना भेट. घरी जाऊ नकोस, पंचायत कार्यालयात जा, त्या सरपंच आहेत. कोणतं चित्र चुकलं, त्यात काय चुकलं, ते त्यांना सांग आणि तू काय छापणार आहेस तेही आधी वाचून दाखव. टँकरच्या सहीबद्दल त्यांच्या परवानगीशिवाय एक अक्षरही छापू नकोस. तुला त्यांचं कौतुक करावंसं वाटेल, ते मी समजू शकतो, पण त्या कौतुकाचा हिशेब संध्याकाळी त्यांना घरात चुकवावा लागेल. त्या बोलल्या नाहीत, किंवा माफ केलं नाही, तर तेही ऐकून घे आणि परत ये.

छापायचा मजकूर असा असावा: 'आधीच्या एका अंकातील चित्रात सरपंचबाईंना मी ज्या पद्धतीनं रेखाटलं ते चुकीचं होतं. त्यातून त्यांचा आणि त्यांच्या वस्तीचा अपमान झाला. त्याबद्दल मी त्यांची माफी मागतो. पदावर नसलेल्या माणसानं पंचायतीचा कारभार हाती घेऊ नये, हे माझं म्हणणं कायम आहे.' खाली तुझं नाव. 'कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास' हे शब्द कुठंही नकोत. त्या शब्दांत दोष दुखावणाऱ्याकडून दुखावलेल्याकडं सरकतो. आणि शेवटचं वाक्य गाळायचं नाही. ते गाळलं तर नवरा ती माफी फ्रेम करून कार्यालयात लावेल.

रेघ उमटत नाही म्हणतोस, तर कागदासमोर बसून राहू नकोस. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. वही घेऊन मागं जाऊन बस आणि समोर जे चेहरे असतील तेच काढ. बोलणारा कोण, कागद कुणाच्या हातात, बाईमाणसं कुठं बसलीत, प्रश्न विचारला की सगळे कुणाकडं बघतात, हे टिपून घे. तोच विषय पुन्हा काढावासा वाटला तर जरूर काढ. रिकामी खुर्ची, टेबलावर बाईंच्या नावाची पाटी, पाटीला टेकवलेले नवऱ्याचे बूट आणि त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावणारा सरपंचाचा शिक्का. यात बाई दिसायचीही गरज नाही आणि नवऱ्याला निसटायला कोपराही नाही. पण हे मी सुचवलेलं आहे. तुला ग्रामसभेत याहून चांगलं सापडेल. छापायला देण्याआधी त्या पोरांपैकी एखाद्याला दाखव. त्याची परवानगी मागायची नाही, तो काय वाचतो ते फक्त ऐकायचं.

आणि संपादकांनी वरचा मजकूर शेवटच्या वाक्यासकट छापायला नकार दिला, तर त्याचा एक फ्लेक्स काढून तुझ्या दुकानाच्या दर्शनी भागात लाव आणि त्या साप्ताहिकाला पुढचं चित्र देऊ नकोस.